डगमगत्या झोताची ऐंशी वर्षे

1931च्या जानेवारीत बर्कलीला अर्नेस्ट लॉरेन्स आणि स्टॅन्ली लिव्हिंग्स्टन यांच्या तळहाताएवढ्या सायक्लोट्रॉनने, म्हणजे चुंबकीय क्षेत्रात कणांना गोल फिरवत ऊर्जा देणाऱ्या यंत्राने, 80 हजार इलेक्ट्रॉनव्होल्टची मजल मारली. पुढच्या यंत्रांत कणांचा झोत भरकटला, की लिव्हिंग्स्टन चुंबकाच्या फटीत लोखंडाचे पातळ तुकडे सरकवून पाहत. कोणता तुकडा का लागू पडला, याचे गणित मागाहून आले.

फिरता फिरता कण आत-बाहेर आणि वर-खाली हेलकावे घेतात. हेलकाव्यांचे आणि फेऱ्यांचे प्रमाण नेमके जुळले, की चुंबकीय क्षेत्रातली बारीकशी चूकही झोक्याला वेळेवर मिळणाऱ्या धक्क्यांसारखी साठत जाते. हाच अनुनाद.

त्यातला एक घातक प्रकार ब्रिटनच्या विल्यम वॉकिनशॉ यांच्या नावाने ओळखला जातो. आत-बाहेरचे हेलकावे वर-खालच्यांच्या दुप्पट झाले, की झोत उभा फुगतो आणि चुंबकाच्या अरुंद फटीत आपटून वाया जातो. म्हणून सिंक्रोसायक्लोट्रॉन या पुढच्या प्रकारच्या यंत्रात झोत त्या त्रिज्येआधीच बाहेर काढायचा, असा दंडक पडला. लिव्हरपूलच्या यंत्रात 1954 मध्ये मात्र अनुनादालाच कामाला लावले गेले: क्षेत्र मुद्दाम विषम करून हेलकावे वाढवले आणि झोत यंत्राबाहेर काढला.

1974 मध्ये दोन अजस्र सायक्लोट्रॉन सुरू झाले: स्वित्झर्लंडमधल्या फिलिगेनचा आणि कॅनडातल्या व्हँकुव्हरच्या ट्रायम्फचा. अशा यंत्रांत ऊर्जेबरोबर हेलकाव्यांची संख्याही बदलते, त्यामुळे अनुनाद टाळता येत नाही. फिलिगेनने वेगाचा मार्ग धरला. कणांना ऊर्जा देणाऱ्या तांब्याच्या नव्या कॅव्हिटींनी व्होल्टेज वाढवून फेऱ्या 200च्या खाली आणल्या आणि अनुनादाला वाढायला सवड कमी उरली.

ट्रायम्फमध्ये मात्र कण हजारावर फेऱ्या मारतात. 428 मेगाइलेक्ट्रॉनव्होल्टला कण दर फेरीत आत-बाहेर नेमका दीड हेलकावा घेतो, म्हणजे दोन फेऱ्यांत तीन. क्षेत्रातली दर फेरीत तीनदा येणारी विषमता इथे हेलकाव्यांना खतपाणी घालते. कण वाया जात नव्हते, पण झोताची घनता त्रिज्येनुसार दाट-विरळ होई आणि व्होल्टेज जरा हलले तरी बाहेर पडणारा प्रवाह डळमळे.

2010च्या सुमारास तिथल्या शास्त्रज्ञांनी यंत्रात आधीपासून असलेल्या बाहेरच्या हार्मोनिक कॉइल, म्हणजे क्षेत्र दुरुस्त करणारी वेटोळी, वापरून उलट विषमता निर्माण केली. हजारो गॉसच्या मुख्य क्षेत्रापुढे ही दुरुस्ती क्षुल्लकच. पण घनतेतला चढउतार घटला आणि बाहेर पडणारा प्रवाह अधिक स्थिर झाला.