आरोग्यसेवेचे अल्प मुदतीचे शिक्षण

मागच्या उन्हाळ्यात खेड तालुक्यातले एक गृहस्थ आपल्या मुलीला घेऊन माझ्याकडे आले. पूर्वी शेती करीत. आता चाकणला एका कंपनीच्या फाटकावर रखवालीचे काम करतात. मुलगी बारावी झालेली. तिच्या हातात सुरेख छापलेले प्रमाणपत्र होते. वर 'नर्सिंग' हा शब्द, खाली सोनेरी शिक्का. कुठल्याशा खासगी वर्गात सहा महिने घालवून आणि बापाची वर्षाची शिल्लक खर्चून ते मिळवलेले. पण इस्पितळात मुलाखतीला गेल्यावर तिला पहिलाच प्रश्न आला, "नोंदणी क्रमांक सांगा." तो काही तिच्याजवळ नव्हता.

"सर, हा कागद खोटा म्हणायचा का?" गृहस्थांनी विचारले.

कागद खोटा नव्हता. पोरगी सहा महिने शिकली होती, हे खरेच होते. पण परिचारिका म्हणून काम करायचे तर महाराष्ट्र परिचर्या परिषदेची नोंदणी लागते, आणि तिच्यासाठी मान्यता असलेल्या संस्थेत निदान दोन वर्षांचा ए.एन.एम.चा अभ्यासक्रम पुरा करावा लागतो. सहा महिन्यांत कोणी परिचारिका होत नाही. सहा महिन्यांत, क्वचित सहा दिवसांतही, जे शिकता येते ते निराळे आहे. आणि त्याची आपल्या भागाला फार गरज आहे.

पिंपरी-चिंचवड, भोसरी, चाकण हा पट्टाच पाहा ना. १९५४ साली पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना निघाला. देशातला पेनिसिलिनचा हा पहिला सरकारी कारखाना. पुढे १९६२ नंतर औद्योगिक वसाहत आली आणि मागोमाग माणसे आली: मराठवाड्यातून, विदर्भातून, उत्तरेकडूनही. एका खोलीत चार-पाच जण, पाळ्या वेगवेगळ्या, पाणी पिंपात साठवलेले. त्याच स्वच्छ साठलेल्या पाण्यात डेंग्यूचा डास अंडी घालतो, आणि आठ-दहा दिवसांत अंड्याचा डास होतो. म्हणून आठवड्यातून एकदा पिंप रिकामे करून, आतून घासून कोरडे ठेवायचे. हे सांगायला वैद्यकाची पदवी नको. मात्र घराच्या उंबऱ्याशी उभे राहून, समोरच्याला राग न येऊ देता ते सांगता आले पाहिजे. ही विद्याच आहे, आणि ती शिकावी लागते.

ती नसली म्हणजे काय होते, हे चिंचवडकरांना वेगळे सांगायला नको. १८९७ साली पुण्यात प्लेग होता. रोग्यांना हुडकण्यासाठी गोरे सोजीर घरात शिरत, देवघरापर्यंत जात. त्या संतापातून २२ जूनच्या रात्री रँडवर गोळी झाडली गेली, आणि ती झाडणारे चापेकर बंधू चिंचवडचे. त्याच साथीत सावित्रीबाई फुले रोग्यांची शुश्रूषा करता करता १० मार्चला वारल्या. रोगी शोधणे दोन्हीकडे होतेच. पण एकीकडे बंदूक होती आणि दुसरीकडे रोग्याला हात देणारे माणूस.

थोड्या शिक्षणावर किती काम होते, याचे दाखले आपल्या महाराष्ट्रातच आहेत. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली जामखेडला काम सुरू केले आणि गावातल्या बायकांना आरोग्यसेविका केले. त्यांतल्या पुष्कळ जणींना अक्षरओळखही नव्हती. चाकणपासून फार लांब नसलेल्या वढू बुद्रुकला पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयाच्या डॉ. बानू कोयाजी यांनी त्याच दशकात खेड्यातल्या माणसांनाच आरोग्याचे धडे देऊन उभे केले. गडचिरोलीला डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्या आरोग्यदूतांना नवजात बाळाची घरच्या घरी काळजी घ्यायला शिकवले. तिथे नवजात बालकांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटल्याचे १९९९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. या सगळ्या ठिकाणी एक गोष्ट सारखी दिसते. शिक्षण एकदा देऊन संपवले नाही. थोडे शिकवायचे, कामाला पाठवायचे, अडले की पुन्हा बोलावून शिकवायचे.

२००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात 'आशा' आली ती याच वाटेने. साधारण हजार वस्तीमागे एक, त्याच गावची स्त्री. पहिल्या वर्षी टप्प्याटप्प्याने २३ दिवसांचे शिक्षण. पण इथे स्पष्ट बोलले पाहिजे. आशा ही पगारी सरकारी नोकर नाही, तिला मिळतो तो मोबदला. घर त्यावरच चालवायचे असेल, तर आधी नीट विचार करावा.

आता कारखान्याचे पाहा. इंग्लंडात १८७७ साली सेंट जॉन अँब्युलन्सचे प्रथमोपचाराचे वर्ग निघाले, तेच मुळी खाणींतल्या आणि कारखान्यांतल्या अपघातांवरून. आपल्याकडे १९४८ च्या कारखाना कायद्याने दर १५० कामगारांमागे प्रथमोपचाराची एक पेटी ठेवायला सांगितली, आणि ती प्रमाणपत्र असलेल्या माणसाच्याच ताब्यात असावी असा दंडक घातला. (एका ठिकाणी मी अशी पेटी पाहिली, तिला कुलूप होते, आणि किल्ली दुसऱ्या पाळीच्या माणसाकडे होती!) यंत्रावर काम करणाऱ्या तरुणाने हा थोड्या दिवसांचा वर्ग जरूर करावा. नोकरीतच उपयोगी पडतो. फक्त काही वर्षांनी तो पुन्हा ताजा करावा लागतो, हे विसरू नये.

मुलांना नगरपालिकेकडे जायचे असेल तर अखिल भारतीय स्थानिक स्वराज्य संस्थेचा स्वच्छता निरीक्षकाचा एक वर्षाचा अभ्यासक्रम आहे. रुग्णालयात मदतनीस म्हणून 'जनरल ड्युटी असिस्टंट'चे काही महिन्यांचे शिक्षण आहे. हे रोग्याला उठवणे-बसवणे, स्वच्छ ठेवणे असे काम. इंजेक्शन देण्याचे नव्हे. आणि आधीच परिचारिका किंवा आयुर्वेदाचे पदवीधर असलेल्यांना सामुदायिक आरोग्याचा सहा महिन्यांचा अभ्यासक्रम देऊन २०१८ नंतर उपकेंद्रांवर समुदाय आरोग्य अधिकारी नेमले गेले.

आता बघा, सहा महिने इथेही आणि सहा महिने त्या मुलीचेही. फरक कुठे पडला? ते सहा महिने कशावर उभे आहेत, त्यात. म्हणून पैसे भरण्याआधी संस्थेला विचारा: ज्या जागेसाठी हे शिकायचे, त्या जागेच्या जाहिरातीत या प्रमाणपत्राचे नाव येते का? नोंदणी लागते का, आणि ती कोण देतो? प्रत्यक्ष काम कुठल्या रुग्णालयात, किती तास? उत्तर गुळमुळीत आले तर परत फिरा. शिक्षक मित्रांनी जुन्या भरतीच्या जाहिराती कापून शाळेच्या फलकावर लावल्या, तरी पुष्कळ घरांचा पैसा वाचेल.

शिक्षकांना आणखी एक माहिती असावी. २०२३ च्या राष्ट्रीय श्रेयांक आराखड्यात ३० तासांच्या शिक्षणाला एक श्रेयांक धरला आहे, आणि पतपेढीत पैसे साठतात तसे हे श्रेयांक विद्यार्थ्याच्या खात्यावर साठवण्याची सोय आहे. पण खात्यावर जमा होतात ते मान्यता असलेल्या संस्थेचेच. सोनेरी शिक्का तिथे चालत नाही.

त्या मुलीने यंदा ए.एन.एम.साठी अर्ज केला आहे. आधीच्या सहा महिन्यांत ती रक्तदाब मोजायला मात्र चांगली शिकली होती. घरी सहज म्हणून तिने वडिलांचा मोजला, तो बराच वाढलेला निघाला. प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवून त्यांच्या गोळ्या सुरू झाल्या आहेत.