पॉवर आहे, पण पकड?

ऑफिसच्या कँटीनमध्ये गाडीचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला, "किती बीएचपी?" दुसरा, "झिरो टू हंड्रेड किती सेकंदात?" आणि तिसरा सनरूफचा. "टायर कोणते टाकलेस?" असं कुणी कुणाला विचारल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. बूट घ्यायचे तर आपण चार मॉल पालथे घालतो, घालून दोन चकरा मारून बघतो. टायर बदलायची वेळ आली की मात्र "जे होते तेच द्या, आणि लवकर आटपा" म्हणून मोकळे! टायर म्हणजे काळे, गोल आणि पंक्चर झाल्यावरच आठवणारे.

आपल्या बाबांच्या जमान्यात ते खपून जायचं. मारुती ८०० ची पॉवर होती ३७ हॉर्सपॉवर आणि चाकं १२ इंची. टायर घसरावा एवढी ताकदच गाडीत नव्हती. आज चित्र वेगळं आहे. स्कोडा स्लाव्हिया, फोक्सवॅगन व्हर्टस यांच्या दीड लिटर टर्बो इंजिनात १५० पीएस आणि २५० न्यूटनमीटर टॉर्क असतो. २०२३ मध्ये आलेली ह्युंदाई व्हर्ना टर्बो तर १६० पीएसची. आयटीतला तिशीचा पोरगा ईएमआयवर ही ताकद घरी आणतोय. मीही यातलीच एक आणली. गंमत म्हणजे या तिन्ही गाड्यांच्या टर्बो मॉडेलला टायरचं माप एकच, २०५/५५ आर१६, आणि तिघींचीही सगळी ताकद जाते फक्त पुढच्या दोन चाकांना.

आता जरा तळहात बघा तुमचा. साधारण तेवढाच भाग एका टायरचा रस्त्याला टेकलेला असतो. म्हणजे सव्वा टनाची गाडी, आत चार माणसं, डिकीत सामान, आणि हा सगळा डोलारा चार तळहातांवर. गाडी पळवायची, वळवायची, थांबवायची, सगळं त्यांनीच.

सर्व्हिस रोडवरचे ते दोन सेकंद

आम्ही दोघं ठाण्यात राहतो, आई-बाबा साताऱ्याला. महिन्यातून दोन वीकएंड तरी ती फेरी असतेच. गेल्या जुलैत शिरवळच्या अलीकडे चहा घेऊन निघालो. पाऊस धो धो. सर्व्हिस रोडवरून हायवेला लागायचं होतं, थोडा चढ आणि उजवीकडून येणारी रांग. एक चांगली गॅप मिळाली, मी अ‍ॅक्सिलरेटर दाबला. इंजिन ओरडलं, पुढची चाकं जागच्या जागी फिरली, डॅशबोर्डवर ट्रॅक्शन कंट्रोलचा पिवळा दिवा लुकलुकला आणि गाडी अर्धवट हायवेवर रेंगाळली. मागून ट्रकचा हॉर्न.

"अरे, जात का नाहीये ही?" बायको ओरडली.

दोन सेकंदांत चाकांनी रस्ता धरला आणि आम्ही निघालो. ट्रकवाल्याने वेळेत ब्रेक मारला होता, म्हणून विषय तिथेच संपला. खंबाटकी चढेपर्यंत गाडीत कुणी काही बोललं नाही. मग ती शांतपणे म्हणाली, "दीडशे हॉर्सपॉवर घेऊन काय करायचंय, रस्त्यावर उतरत नसेल तर?"

बाईसाहेबांचा मुद्दा एकदम करेक्ट होता.

असं होतं का?

फंडा सोपा आहे. गाडी जोरात पुढे निघते तेव्हा तिचं वजन मागे सरकतं. लोकलने झटका दिला की आपण मागे कलतो ना, तसंच. म्हणजे फ्रंट व्हील ड्राइव्ह गाडीत ज्या चाकांनी ओढायचं, नेमका त्यांच्यावरचाच भार ऐन वेळी हलका होतो. चढ असेल तर आणखी हलका. त्यात स्टिअरिंग वळवलेलं असेल, तर त्याच तळहाताएवढ्या रबराने ओढायचं पण आणि वळवायचं पण. पकड मर्यादित असते. वळणाला जास्त दिली की ओढायला कमी उरते. आणि टर्बो इंजिनाचा टॉर्क अगदी कमी आरपीएमवर, धाडकन येतो.

मग ट्रॅक्शन कंट्रोल काय करतं? चाक फिरतंय असं दिसलं की ते इंजिनाची ताकद कमी करतं किंवा त्या चाकाला ब्रेक लावतं. नसलेली पकड ते आणू शकत नाही. पकड येते ती टायरमधूनच.

घरी आल्यावर ट्रेड डेप्थ गेज घेऊन बसलो. छोटंसं, स्वस्तातलं साधन आहे. नव्या कार-टायरची नक्षी साधारण ८ मिलिमीटर खोल असते. माझे पुढचे टायर ४० हजार किलोमीटरनंतर अडीच मिलिमीटरवर आले होते, मागचे चारवर. आपल्याकडे कायद्याची मर्यादा १.६ मिलिमीटर आहे, म्हणजे कागदोपत्री सगळं ओके! पण पावसाचं पाणी कायदा वाचत नाही. त्या खाचांचं काम पाणी बाजूला फेकायचं. खाच उथळ झाली की पाणी टायर आणि रस्त्याच्या मध्ये साचतं आणि वेग वाढला की टायर चक्क पाण्यावर तरंगायला लागतो. त्यालाच अ‍ॅक्वाप्लेनिंग म्हणतात. तेव्हा स्टिअरिंगही हातात नसतं आणि ब्रेकही.

भिंतीवरची भाषा

टायरच्या भिंतीवर त्याची अख्खी कुंडली लिहिलेली असते. फक्त वाचता आली पाहिजे. २०५ म्हणजे रुंदी, मिलिमीटरमध्ये. ५५ म्हणजे भिंतीची उंची रुंदीच्या ५५ टक्के. आर म्हणजे रेडियल, १६ म्हणजे रिमचा व्यास इंचात. पुढे ९१व्ही असेल तर ९१ हा लोड इंडेक्स, एका टायरला ६१५ किलो भार चालतो. व्ही म्हणजे ताशी २४० किलोमीटरपर्यंतचं रेटिंग. एच असेल तर २१०, डब्ल्यू असेल तर २७०. एवढ्या वेगाने आपल्याला कुठे जायचंय? एक्स्प्रेस वेवर कारला मर्यादा १०० ची आहे! पण गाडी कंपनीने ठरवलेल्या रेटिंगच्या खालचा टायर घेऊ नका. लोड इंडेक्सचंही तसंच.

डीओटी या अक्षरांनंतरच्या कोडमध्ये शेवटचे चार आकडे बघा. ३२२४ असेल तर टायर २०२४ च्या ३२ व्या आठवड्यात बनलाय. रबर पडून पडूनही कडक होतं, आणि कडक रबर ओल्या रस्त्याला धरत नाही. "डिस्काउंट देतो साहेब" म्हटल्यावर आधी हे चार आकडे वाचायचे, मग हसायचं.

काही टायरवर ट्रेडवेअर नावाचा आकडा असतो. २०० म्हणजे मऊ, चिकट, लवकर झिजणारा. ४०० म्हणजे जास्त टिकणारा. हे अंदाजाने घ्यायचं, कारण ही चाचणी ज्याची तो करतो आणि दोन कंपन्यांचे आकडे समोरासमोर ठेवता येत नाहीत. शेजारी ट्रॅक्शनची ग्रेड असते, एए सगळ्यात वरची. ती मोजतात ओल्या रस्त्यावर, सरळ रेषेत ब्रेक लावून. वळणावरच्या पकडीबद्दल ती काही सांगत नाही.

आणि टायरवर फ्रिजसारखे स्टार दिसले तर? ते स्टार रोलिंग रेझिस्टन्सचे, म्हणजे पेट्रोल बचतीचे. पाच स्टार म्हणजे पकड भारी, असा अर्थ लावू नका. टायर लोळायला हलका करायचा, तर पावसातली पकड थोडी सुटते, हे टायर बनवणाऱ्यांचं जुनं दुखणं. रबरात सिलिका मिसळायला लागल्यावर ते बरंच कमी झालं, तरी संपलेलं नाही. २०२२ मध्ये केंद्र सरकारने एआयएस-१४२ हे मानक आणलं. त्यात रोलिंग रेझिस्टन्स आणि आवाजाबरोबर ओल्या रस्त्यावरच्या पकडीचीही किमान पातळी घालून दिली. पण ती किमान आहे. काठावर पास आणि फर्स्ट क्लास यातला फरक आपल्याला ठाऊक आहेच.

रुंद टायर, भन्नाट लुक?

मित्रांचा पहिला सल्ला हाच होता. "बॉस, सतरा इंची अलॉय टाक, २२५ टाक, सही दिसेल!"

हिशेब केला. २०५/५५ आर१६ चा एकूण व्यास साधारण ६३२ मिलिमीटर. २२५/४५ आर१७ चा ६३४. म्हणजे बसायला बसतं, स्पीडोमीटरही फारसा चुकत नाही. कोरड्या रस्त्यावर, वळणावर मजाही येते. पण दोन लोच्ये आहेत. एक, तेवढ्याच वजनाला रुंद टायर दिला की तो पाण्यावर लवकर तरंगतो. माझा सगळा प्रॉब्लेम पावसातलाच होता! दोन, भिंतीची उंची ११३ वरून १०१ मिलिमीटरवर येते. आपल्या शहरांतल्या खड्ड्यांपुढे हे बारा मिलिमीटर म्हणजे रिम आणि भिंत यांचं चिलखत. ते कमी झालं की भिंतीला फुगवटा आणि अलॉय वाकडं. म्हणून मी माप तेच ठेवलं.

टायरवाले काका आणि तीन पर्याय

दुकान घराजवळचंच. मालक साठीतले, हाताला रबराचा काळा रंग कायमचा. मी म्हटलं, "काका, पावसात घसरते गाडी. मायलेज गेलं तरी चालेल."

काका हसले. "सर, सगळे पहिलं विचारतात किती किलोमीटर चालणार. घसरते म्हणून आलेले तुम्ही या महिन्यातले दुसरे."

त्यांनी पर्याय तीन खणांत मांडले. पहिला, टिकाऊ आणि पेट्रोल वाचवणारा. रोज ऑफिस-घर, शांत पाय असेल तर उत्तम. दुसरा, प्रीमियम टूरिंग. मिशेलिनची प्रायमसी, कॉन्टिनेंटलची अल्ट्राकॉन्टॅक्ट, ब्रिजस्टोनची टुरांझा या पंगतीतले. आवाज कमी, पावसात भरवसा, आयुष्य ठीकठाक. तिसरा, स्पोर्ट. मिशेलिनचा पायलट स्पोर्ट, ब्रिजस्टोनचा पोटेंझा. पकड सगळ्यात जबरदस्त, पण झीज जलद आणि खिसा रिकामा. शिवाय हवं ते माप हवं तेव्हा मिळेलच असं नाही. जून २०२० मध्ये केंद्राने टायरच्या आयातीला परवाना लावला, तेव्हापासून अशा टायरसाठी वाट बघणं काही नवीन राहिलं नाही. देशी कंपन्याही मागे नाहीत. अपोलोने २००९ मध्ये डच व्रेडेश्टाइन विकत घेतली आणि २०२१ मध्ये ते नाव भारतातही आणलं.

मी दुसऱ्या खणातला घेतला. चारही टायर, अलाइनमेंट-बॅलन्सिंग धरून चाळीस हजारांच्या आतबाहेर. चांगल्या फोनचे पैसे! पण फोन हातातून घसरला तर काच फुटते. गाडी घसरली तर काय, ते सांगायला नको.

बजेट दोनच टायरचं असेल तर? आपल्याला वाटतं, ताकद पुढे आहे तर नवे टायर पुढे. टायर कंपन्या उलट सांगतात. नवे दोन मागे टाका. पुढची चाकं घसरली तर गाडी सरळ जाते, पाय काढला की सावरते. मागची घसरली तर गाडी गोल फिरते आणि ती सावरणं सरावलेल्यालाही अवघड.

फरक पडला?

पहिले तीनशे-एक किलोमीटर सांभाळून चालवली. नव्या टायरवर साच्यातून काढतानाचा गुळगुळीत थर असतो, तो जायला वेळ लागतो. मग आला पाऊस. चढावर पिवळा दिवा अजूनही लुकलुकतो, पाय जोरात दाबला तर. पण आता क्षणभरच, आणि गाडी निघते. ब्रेकचा विश्वास तर जाम वाढलाय. मायलेज लिटरमागे अर्धा किलोमीटर पडलं. कोरड्या रस्त्यावर, खरं सांगायचं तर, फार फरक जाणवत नाही. आणि सर्वात स्वस्त उपाय टायरच्या दुकानात मिळतच नाही: ओल्या रस्त्यावर पाय हलका ठेवणं.

घाईत असाल तर एवढंच

• हवा थंड टायरवर, दर पंधरा दिवसांनी. आकडा दाराच्या खांबावर किंवा पेट्रोलच्या झाकणात असतो.
• नायट्रोजन भरलात तर हरकत नाही, पण साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो.
• नक्षी ३ मिलिमीटरवर आली की पावसाळ्याआधीच टायर बघायला लागा.
• दर दहा हजार किलोमीटरला पुढचे-मागचे टायर फिरवून घ्या.
• बिलावर टायरचं माप आणि नंबर लिहून घ्या, वॉरंटीला लागतं.
• ईव्ही घेतलीय? टॉर्क पहिल्या क्षणापासून पूर्ण, वर बॅटरीचं वजन. लोड इंडेक्स दोनदा तपासा.