सह्याद्रीचं पीस, स्कॉटलंडची फ्लाय

कोयनेच्या किंवा आंबोलीच्या जंगलात दिसणाऱ्या राखी रानकोंबड्याची मान जवळून पाहावी. नराच्या पिसाच्या टोकाला मेण ओतल्यासारखा चकचकीत, पिवळसर पांढरा ठिपका असतो. तिथे तंतू सुटे राहत नाहीत, एकजीव होऊन कडक पापुद्रा बनतो. सामन पकडायला गळावर पिसं बांधून जी कृत्रिम माशी, म्हणजे फ्लाय, करतात तिच्या दोन्ही बाजूंना हे पीस डोळ्यासारखं बसतं. एकोणिसाव्या शतकातली स्कॉटलंडची ‘जॉक स्कॉट’ त्याच्याशिवाय पुरी होत नाही. जॉर्ज केल्सन यांनी १८९५ साली अशा फ्लायांवर मोठा ग्रंथच लिहिला. खरं तर अंडी घालायला नदीत शिरलेला सामन जवळपास काहीच खात नाही. एवढा रंगांचा थाट बराचसा माणसाच्या हौसेचा.

या हौसेची किंमत पक्ष्यांनी मोजली. भारतातून रानपक्ष्यांची पिसं बाहेर पाठवायला १९०२ मध्ये बंदी आली, १९७२ च्या कायद्यानं रानकोंबड्याला संरक्षण मिळालं. तरी २००९ मध्ये इंग्लंडमधल्या ट्रिंगच्या संग्रहालयातून २९९ पक्ष्यांची कातडी चोरीला गेली, आणि त्यांची पिसं फ्लाय बांधणाऱ्या शौकिनांपर्यंत पोचली. अभ्यासासाठी जपलेला ठेवा असा उधळला जावा, याची मला मनापासून चीड येते.

कारण या कलेचं खरं कसब दुर्मीळ पिसात नाहीच. पाळीव हंसबदकाचं पीस घ्या. साबणाच्या कोमट पाण्यात धुऊन तेलकटपणा काढा, मग व्हिनेगर घातलेल्या गरम रंगात बुडवा. पंख बांधताना लाल, पिवळ्या, निळ्या पिसांचे चार-चार तंतू कापून शेजारी ठेवायचे आणि बोटांनी हलकेच चोळायचे. प्रत्येक तंतूला बारीक आकडे असतात, ते एकमेकांत अडकतात नि तिरंगी पट्टी अखंड होते. मात्र एका पट्टीत सगळे तंतू एकाच बाजूच्या पंखाचे हवेत, डाव्या-उजव्यांची सरमिसळ झाली की पट्टी सुटते. सोनेरी फेजंटच्या तुऱ्याचं पीस वाकडं असेल तर ओलं करून काचेच्या पेल्यावर हव्या त्या बाकात चिकटवतात, वाळलं की तो बाक टिकतो.

रानकोंबडे आता परदेशात पिसांसाठी पाळतात. त्यांच्या पिसाचा डोळा चिरला तरी टाकायचा नाही. मागून पातळ व्हार्निशचा थेंब लावून चिमटीत धरला की चीर बुजते.