श्रवणाकलन आणि वाचनाकलन : माध्यमिक शाळेतील इंग्रजीच्या दोन कसोट्या

परभाषेचे ज्ञान एकजिनसी असते, म्हणून त्याच्या एका अंगाची परीक्षा घेतली असता उरलेल्या अंगांविषयी निर्धास्तपणे अनुमान बांधता येते, या गृहीतावर आपल्याकडील इंग्रजीची शालान्त परीक्षा दीर्घकाळ चालत आली आहे. उताऱ्याखालील प्रश्नांची उत्तरे ज्याने लिहिली त्यास इंग्रजी वाचता येते, आणि ज्यास वाचता येते त्यास ऐकलेलेही समजेल, असा हा तर्क होय. मराठी माध्यमाच्या शाळेतून विज्ञानशाखेच्या अकरावीत गेलेल्या विद्यार्थ्यास या तर्काचा फोलपणा पुष्कळदा पहिल्या काही दिवसांतच अनुभवास येतो. पाठ्यपुस्तकाचे पान कोश हाताशी घेऊन त्यास सावकाश लावता येते. व्याख्यान मात्र त्याच्यासाठी थांबत नाही. दहावीस मिळालेल्या चांगल्या गुणांवरून या अडचणीची पूर्वसूचना त्यास, त्याच्या पालकांस अथवा त्याच्या नव्या अध्यापकांस मिळालेली नसते. ती का मिळत नाही आणि कशा प्रकारच्या कसोटीतून मिळू शकेल, हा प्रस्तुत विवेचनाचा विषय आहे.

वाचन आणि श्रवण यांच्या संबंधाविषयी फिलिप गफ आणि विल्यम टनमर यांनी १९८६ मध्ये एक सुटसुटीत सूत्र मांडले. वाचनाकलन हा दोन घटकांचा गुणाकार आहे : लिपिचिन्हांवरून शब्द ओळखण्याची शक्ती आणि बोललेली भाषा समजण्याची शक्ती. बेरीज न म्हणता गुणाकार म्हणण्यात मर्म आहे, कारण दोहोंपैकी एक घटक शून्य असेल तर फलही शून्यच येते. हे सूत्र इंग्रजी मातृभाषा असलेल्या मुलांच्या अभ्यासातून सिद्ध झाले. ते मूल शाळेत येते तेव्हा त्याचा कान तयार असतो. शिकावयाची असते ती लिपी. आपल्या विद्यार्थ्याची स्थिती बव्हंशी याच्या उलट आहे. महाराष्ट्रात २००० सालापासून इंग्रजी पहिलीपासून शिकविली जाते, तथापि अनेक वर्गांत तिचा परिचय अक्षरे, शब्दार्थ आणि मराठी भाषांतर याच क्रमाने होतो. डोळा शब्द ओळखतो व मन त्याचा मराठी अर्थ लावते. कानास त्या शब्दाची ओळख झालेलीच नसते. सारांश, इंग्रजी मुलाच्या वाचनावरून त्याच्या श्रवणाचा अंदाज बांधणे जितके सयुक्तिक, तितके ते आपल्या मुलाच्या बाबतीत नाही.

परंतु आपल्या परीक्षांत वाचन तरी खरोखर तपासले जाते काय, हा प्रश्न आधी विचारावयास हवा. पाठ्यपुस्तकातील उताऱ्यावर जेव्हा प्रश्न विचारले जातात तेव्हा बाजारात मिळणाऱ्या मार्गदर्शकातील उत्तर विद्यार्थ्याच्या स्मरणात असते. ती स्मरणाची परीक्षा झाली, एवढे सांगून हा मुद्दा सोडून देता येईल. न वाचलेल्या उताऱ्याची गोष्ट अधिक विचारार्ह आहे. पुढील निरर्थक वाक्य पाहावे : ‘अ ट्रॅबी फेंट मोर्प्ड द डिग्झल नीअर द सून.’ आता ‘व्हेअर डिड द फेंट मोर्प द डिग्झल?’ असे विचारल्यास कोणताही बरा विद्यार्थी ‘नीअर द सून’ हे उत्तर क्षणात देईल आणि पूर्ण गुण मिळवील. फेंट म्हणजे काय हे त्यास ठाऊक नाही, परीक्षकासही नाही. प्रश्नातील शब्द उताऱ्यात शोधावयाचे, ते सापडले की शेजारचे शब्द उतरून काढावयाचे, ही हातोटी शाळेत लवकरच साध्य होते. उतारा नवा असला म्हणून प्रश्न आकलनाचा होतोच असे नाही. प्रश्नाचे शब्द उताऱ्याच्या शब्दांपासून दूर नेणे, दोन वाक्यांतील आशय जोडल्यावाचून उत्तर निघणार नाही अशी योजना करणे, आणि शक्य तेथे प्रश्न मराठीतून विचारून उत्तरही मराठीतून घेणे, हे या हातोटीवरील उपाय होत.

यांपैकी शेवटच्या उपायास अध्यापकांचा विरोध असतो. मराठीतून उत्तर लिहू दिले तर मुले इंग्रजी लिहावयास कशी शिकणार, असे विचारले जाते. लेखनाची परीक्षा घेणारे निबंध, पत्र आदी स्वतंत्र प्रश्न त्याच पत्रिकेत असतात, हे येथे विसरले जाते. वाचनाच्या प्रश्नात लेखनाचे गुण कापले गेले की मिळालेला गुणांक कशाचा, हे कोणासच सांगता येत नाही. कसोटीशास्त्राच्या परिभाषेत यास सप्रमाणतेची हानी म्हणतात : जे मोजावयाचे त्याऐवजी, किंवा त्यासोबत, दुसरेच काही मोजले जाणे. विल्सन टेलर यांनी १९५३ मध्ये मांडलेली ‘क्लोझ’ पद्धती, म्हणजे सलग उताऱ्यातील दर पाचवा किंवा सातवा शब्द गाळून तो भरावयास सांगणे, ही शब्द उतरविण्याच्या सवयीस चांगला आळा घालते. मात्र कित्येक रिकाम्या जागा केवळ शेजारच्या दोन शब्दांवरून भरता येतात, म्हणून संपूर्ण उताऱ्याच्या आकलनाची एकमेव कसोटी म्हणून तिच्यावर विसंबणे इष्ट नाही.

वाचनास प्राधान्य देण्यामागे आपल्या देशात एक विचारपरंपरा आहे, हेही नमूद केले पाहिजे. ढाक्याच्या अध्यापक महाविद्यालयातील मायकेल वेस्ट यांनी १९२६ मध्ये बंगालमधील द्विभाषिकतेविषयीच्या आपल्या ग्रंथात असे प्रतिपादन केले की, ज्या मुलास शाळा मध्येच सोडावी लागण्याचा संभव आहे त्याच्या पदरात निदान वाचनशक्ती पडावी. तिचा उपयोग त्यास पुढेही होईल. त्या काळी खेड्यातील मुलाच्या कानावर इंग्रजी पडण्याचा प्रसंग विरळा होता, आणि वेस्ट यांचा युक्तिवाद त्या परिस्थितीस धरून होता. आज उच्च शिक्षणातील व्याख्याने, मुलाखती, दूरध्वनीवरील व्यवहार यांत इंग्रजी प्रथम कानावरच येते.

आता श्रवणाच्या कसोटीकडे वळू. ऐकलेले इंग्रजी मराठी भाषकास अवघड जाते याची कारणे शब्दसंग्रहाच्या अभावापुरती मर्यादित नाहीत. मराठीत इकार व उकार यांचा ऱ्हस्व-दीर्घ भेद लिहिण्यात काटेकोर पाळला जातो. बोलण्यात मात्र त्यावर अर्थभेद क्वचितच अवलंबून असतो. त्यामुळे ‘शिप’ आणि ‘शीप’, ‘फुल’ आणि ‘फूल’ या इंग्रजी जोड्या लिहून दाखविल्यास सहज ओळखणारा विद्यार्थी त्या ऐकताना घोटाळतो. इंग्रजीतील ‘थर्टीन’ व ‘थर्टी’ यांतील फरक पुष्कळ अंशी बलाघातावर कळतो, आणि शब्दातील बलाघाताने अर्थ बदलण्याची सवय मराठी कानास नाही. याहून मोठी अडचण जोडबोलण्याची. वर्गात ‘ही हॅज लेफ्ट’ असे तीन सुटे शब्द शिकलेल्या मुलास प्रत्यक्ष बोलण्यातील ‘हीज लेफ्ट’ हे वेगळेच काही वाटते. अव्यये आणि सहाय्यक क्रियापदे वाक्यात आखडली जातात, आणि व्याकरणाचा सगळा भार तर त्यांच्यावरच असतो.

यावरून श्रवणकसोटीचा उतारा कसा वाचला जावा हे ठरते. शब्दाशब्दावर थांबून, प्रत्येक अक्षर ठसठशीत उच्चारून वाचणारा अध्यापक दयाबुद्धीने वागत असतो, परंतु ज्या अडचणीची परीक्षा घ्यावयाची तीच तो दूर करतो. शिवाय एका शाळेतील वाचन दुसऱ्या शाळेतील वाचनासारखे नसल्याने गुणांची तुलना करता येत नाही. ध्वनिमुद्रित उतारा हा यावरील मार्ग. आज ध्वनिवर्धक आणि भ्रमणध्वनी सर्वत्र असल्याने त्याचा खर्च फारसा नाही. आवाज कोणाचा असावा, याविषयी आग्रह धरण्याचे कारण नाही. विद्यार्थ्यास पुढे ज्यांची व्याख्याने ऐकावयाची आहेत अशा सुशिक्षित भारतीय वक्त्याचा असला तरी पुरे. खोलीतील पंखा आणि खिडकीबाहेरचा रस्ता यांचा बंदोबस्त मात्र हवा. दक्षिण कोरियात विद्यापीठप्रवेशाच्या राष्ट्रीय परीक्षेत इंग्रजीच्या ४५ प्रश्नांपैकी १७ श्रवणाचे असतात, आणि तो भाग चालू असताना देशातील विमानांची उड्डाणे व अवतरणे सुमारे ३५ मिनिटे थांबविली जातात. आपल्याकडे निदान शाळेची घंटा त्या वेळी वाजू नये, एवढे साधता येईल.

त्याच कोरियन परीक्षेतील दुसरी गोष्ट अधिक अनुकरणीय आहे. तेथे श्रवणाचे प्रश्न विद्यार्थ्यास कोरियन भाषेत विचारले जातात, आणि काही प्रश्नांचे पर्यायही त्याच भाषेत असतात. ऐकलेले समजले आहे, परंतु छापील इंग्रजी प्रश्न वाचता आला नाही, म्हणून उत्तर चुकले, हा दोष त्यामुळे कमी होतो. उतारा एकदा ऐकवावा की दोनदा, यावर जपानमधील अनुभव बोलका आहे. तेथील राष्ट्रीय प्रवेशपरीक्षेत २००६ पासून श्रवणाचा समावेश झाला, तेव्हा सर्व उतारे दोनदा ऐकविले जात व लेखी भागाच्या २०० गुणांसमोर श्रवणास ५० गुण होते. २०२१ पासूनच्या नव्या परीक्षेत वाचनास १०० व श्रवणास १०० गुण झाले, आणि काही उतारे एकदाच ऐकविले जाऊ लागले. प्रारंभीच्या इयत्तांत दोनदा आणि शालान्त टप्प्यावर काही भाग एकदाच, असा मध्यममार्ग आपल्याकडे योग्य ठरेल.

श्रुतलेखन हा श्रवणपरीक्षेचा सर्वांत जुना प्रकार. केंब्रिजने १९१३ मध्ये सुरू केलेल्या इंग्रजीच्या प्रावीण्यपरीक्षेतही तो होता. रॉबर्ट लॅडो यांनी १९६१ मध्ये त्यावर कडक टीका केली : शब्द आणि शब्दक्रम दोन्ही आयतेच सांगितले जातात, मग परीक्षा कशाची? पुढे १९७० नंतर जॉन ऑलर यांनी त्याची बाजू उचलून धरली. ऐकलेला प्रवाह शब्दांत तोडण्यासच भाषाज्ञान लागते, असे त्यांचे म्हणणे. दोन्हींत तथ्य आहे. परंतु इंग्रजी वर्णलेखन आपल्या विद्यार्थ्यास इतके छळते की श्रुतलेखनाच्या चुकांतून कानाची चूक कोणती व स्पेलिंगची कोणती हे निवडणे कठीण जाते. वर्गातील सरावास श्रुतलेखन उत्तम, गुणदानास नव्हे.

महाराष्ट्राच्या शालान्त परीक्षेत श्रवण व भाषण यांचे मूल्यमापन शाळेकडे सोपविलेल्या २० अंतर्गत गुणांत होत आले आहे. मार्च २०१९ च्या परीक्षेत भाषांचे हे गुण काढून टाकण्यात आले. त्या वर्षी एकूण निकाल ७७.१० टक्क्यांवर आला. आदल्या वर्षी तो ८९.४१ टक्के होता. लागलीच पुढील वर्षापासून ते गुण पुनः देण्यात येऊ लागले. या प्रकरणात शाळा उदारपणे गुण देतात आणि ते काढल्यास आपली मुले अन्य मंडळांच्या मुलांच्या मागे पडतात, या दोन गोष्टींचा पुष्कळ ऊहापोह झाला. दोन्ही गोष्टी बेरजेच्या होत. त्या वीस गुणांवरून मुलास ऐकलेले इंग्रजी कितपत समजते याचा काही बोध होतो काय, हा प्रश्न बाजूस राहिला. गुण सढळ होते ही तक्रार विश्वसनीयतेची. तिचे उत्तर कसोटी नीट रचणे हे होते.

अशी कसोटी कशी रचावी याचे एक उदाहरण घेऊ. रेल्वेस्थानकावरील सूचना ऐकविली : अमुक गाडी ४० मिनिटे उशिरा येत असून ती नेहमीच्या तीन क्रमांकाऐवजी पाच क्रमांकाच्या फलाटावर येईल. (आपल्या स्थानकांवर हीच सूचना आधी मराठीत होऊन गेलेली असते, ही गोष्ट वेगळी.) ‘प्रवाशांनी कोठे जावे?’ या प्रश्नाच्या पर्यायांत तीन, चार आणि पाच हे आकडे असावेत. सूचनेत न आलेले आणि उघडच हास्यास्पद असे पर्याय घालून उपयोग नाही. प्रश्न तयार झाल्यावर तो प्रथम सूचना न ऐकलेल्या वीस-पंचवीस मुलांस द्यावा. चार पर्यायांच्या प्रश्नांत निव्वळ अंदाजाने सुमारे २५ टक्के उत्तरे बरोबर येतील. त्याहून पुष्कळ अधिक आली, तर तो प्रश्न सामान्यज्ञानाचा आहे असे समजून टाकून द्यावा. ही चाचणी अत्यंत सोपी असूनही क्वचितच केली जाते.

उरलेल्या प्रश्नांची भेददर्शकता पाहावी. ट्रूमन केली यांनी १९३९ मध्ये दाखविल्याप्रमाणे वरचे व खालचे २७ टक्के विद्यार्थी घेणे सोयीचे. ६० मुलांच्या वर्गात असे प्रत्येकी १६ विद्यार्थी होतात. समजा, एका प्रश्नाचे बरोबर उत्तर वरच्या गटात १३ आणि खालच्या गटात ११ जणांनी दिले. भेददर्शकता १६ने भागून ०.१३ येते. सामान्यतः ०.२० हून कमी मूल्याचा प्रश्न बदलावा असा संकेत आहे.

दोन्ही कसोट्यांचे गुण बेरीज न करता शेजारी मांडले म्हणजे त्यांचा खरा उपयोग दिसतो. प्रत्येकी २४ प्रश्न आहेत असे धरू. एका विद्यार्थ्यास वाचनात १८ व श्रवणात ८, दुसऱ्यास वाचनात ९ व श्रवणात १७ मिळाले. बेरीज दोघांचीही २६. चार पर्यायांच्या २४ प्रश्नांत नुसत्या अंदाजाने ६ उत्तरे बरोबर येतात हे ध्यानी घेता, पहिल्यास ऐकलेले जवळजवळ काहीच समजत नाही. दुसरा कदाचित दूरचित्रवाणी व क्रिकेटचे समालोचन ऐकून शिकला असेल. त्यास छापील शब्द ओळखण्याचे शिक्षण हवे. पहिल्यास ते देण्यात वेळ दवडणे होय; त्यास रोज दहा मिनिटे ऐकविणे अधिक उपयोगी.

मात्र अशी तुलना करावयाची तर दोन्ही कसोट्यांचे उतारे समान काठिण्याचे हवेत, आणि येथे एक खरी अडचण आहे. पुस्तकी गद्य मोठ्याने वाचून दाखविणे म्हणजे बोललेली भाषा नव्हे. बोलण्यात पुनरुक्ती असते, वाक्ये लहान असतात. उलट, निव्वळ संभाषण छापून वाचावयास दिले तर ते वाचनाची कसोटी म्हणून पोरके वाटते. साधे निवेदन, सूचना, एखाद्या कृतीचे वर्णन असे दोन्हीकडे खपणारे उतारे निवडावेत. मग वर्गाचे चिठ्ठ्या टाकून दोन भाग करावेत. पहिल्या भागाने पहिला उतारा ऐकावा व दुसरा वाचावा; दुसऱ्या भागाने पहिला वाचावा व दुसरा ऐकावा. एक उतारा दुसऱ्याहून सोपा निघाला, तरी या अदलाबदलीमुळे वर्गाच्या सरासरीत त्याचा फायदा श्रवण व वाचन या दोहोंस सारखाच मिळतो. एका विद्यार्थ्याविषयी निष्कर्ष काढताना मात्र अशा उताऱ्यांच्या दोन-तीन जोड्या, दोन-तीन आठवड्यांच्या अंतराने, वापरणे अवश्य आहे.