पाषाणातील चिलखतांची साक्ष

इंग्लंडमधील एखाद्या जुन्या चर्चमध्ये गेले असता, चिलखत घालून उताणा निजलेला योद्धा पुष्कळदा दृष्टीस पडतो. मध्ययुगात नाइट, म्हणजे घोड्यावरून लढणारे सरदार, यांच्या कबरींवर अशा मूर्ती बसवीत असत. त्यांपैकी अनेकींवरील लेख आता नष्ट झाले आहेत. मग मूर्तीचा काळ कसा ठरवावयाचा? अशा वेळी तिच्या अंगावरील चिलखत साक्ष देते.

सॉल्झबरी कॅथीड्रलमध्ये विल्यम लाँगस्पे (मृत्यू १२२६) याची मूर्ती आहे. तिच्या सर्वांगावर लोखंडी कड्यांचे चिलखत असून त्यावर लांब कापडी झगा आहे. चौदाव्या शतकात हातापायांवर पोलादी पत्रे आले, झगा आखूड व घट्ट झाला आणि निमुळत्या शिरस्त्राणापासून खांद्यांपर्यंत कड्यांची जाळी लोंबू लागली. पंधराव्या शतकाच्या पूर्वार्धात गळ्यावरील त्या जाळीची जागाही पत्र्याने घेतली. हा क्रम ठाऊक असला, म्हणजे मूर्तीचा काळ अजमावता येतो.

परंतु हा काळ मूर्ती घडविणाऱ्याचा असतो, मृताचा असतोच असे नाही. नॉर्मंडीचा ड्यूक रॉबर्ट ११३४ मध्ये वारला; ग्लॉस्टर येथील त्याची लाकडी मूर्ती मात्र तेराव्या शतकातील योद्ध्याचा वेष ल्यालेली आहे.

याहून मोठी अडचण निराळीच आहे. इ. स. १४०० पूर्वीची संपूर्ण चिलखते आज फारच थोडी उरली आहेत. त्यामुळे चिलखतांचा इतिहास बव्हंशी या मूर्तींवरूनच रचावा लागतो, आणि त्याच इतिहासावरून पुन्हा मूर्तींचा काळ ठरविला जातो! एका मूर्तीचा काळ चुकला, की ती चूक इतर अनेक मूर्तींच्या कालनिर्णयात शिरते. म्हणून स्वतंत्र पुरावा आवश्यक ठरतो. वॉरिकचा अर्ल रिचर्ड बीचम १४३९ मध्ये मरण पावला. त्याच्या धातूच्या मूर्तीसाठी कारागिरांशी केलेल्या करारांचा तपशील उपलब्ध आहे. त्यावरून ती १४५० च्या सुमारास, म्हणजे मृत्यूनंतर सुमारे दहा वर्षांनी, घडविली गेली असे कळते. तिच्या पाठीकडील पट्टे व बकलेदेखील बारकाईने कोरलेली असल्यामुळे ती चिलखतांच्या अभ्यासकांना विश्वसनीय आधार वाटते.

जेथे करार उपलब्ध नाहीत, तेथे विज्ञान साहाय्यास येते. कँटरबरी येथील राजपुत्र एडवर्ड, म्हणजेच ‘ब्लॅक प्रिन्स’ (मृत्यू १३७६), याच्या सोनेरी मुलामा दिलेल्या मूर्तीचा अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. संशोधकांनी क्ष-किरणांनी तिच्या धातूचे पृथक्करण केले व बारीक कॅमेऱ्याने आतील रचना पाहिली. त्याचे पिता तिसरे एडवर्ड यांच्या मूर्तीशी तिचे निकटचे साम्य आढळले. त्यावरून ती १३८६ च्या सुमारास घडली असावी, असे अनुमान निघाले. दहा वर्षांचा असा फरक केवळ चिलखतावरून सांगणे कठीण होते.

तात्पर्य, चिलखताची साक्ष मोलाची खरी. पण कोणतीही साक्ष दुसऱ्या पुराव्याशी ताडून पाहिल्यावाचून निर्णय देऊ नये, हे इतिहासाच्या अभ्यासकाचे कर्तव्य होय.