आभाळात, पावसात आणि सहाणेवर: चांद्याकडची हरणं

सांताची गाडी ओढणारं रेनडिअर जगभर गाजलं. चंद्रपूर-गडचिरोलीच्या रानातली हरणंही कथा-नक्षत्रांत मानाची जागा राखून आहेत. त्यांच्या या सहा गमती.

शब्दाची पक्की
गडचिरोलीत वैनगंगेकाठी मार्कंडा इथे महाशिवरात्रीला मोठी जत्रा भरते. त्या रात्रीची कथा हरणाचीच! बेलावर दबा धरलेल्या व्याधाला हरिणी विनवते, ‘पाडसांना भेटून येते, मग मार.’ आणि खरंच परत येते. ‘शिवलीलामृता’चा दुसरा अध्याय हाच.

आभाळात अजून पाठलाग
शंकर प्रसन्न झाले आणि हरणं थेट नक्षत्रात गेली. शिवरात्रीच्या सुमारास संध्याकाळी वर पाहा. मृगातले ओळीतले तीन तारे म्हणजे बाण. तीच रेघ पुढे नेली की झगझगीत व्याध सापडतो, रात्रीच्या आभाळातला सर्वांत तेजस्वी तारा.

पावसाची वर्दी
७-८ जूनला सूर्य मृगात जातो. धानपट्ट्यात पऱ्हे टाकायची लगबग सुरू होते, आणि पाऊस पडला की लाल मखमली मृगाचे किडे बांधावर फिरू लागतात.

शिंगांचा हिशेब
रेनडिअरच्या मादीलाही शिंगं असतात. चितळ-सांबरांत ती फक्त नराला येतात, गळतात आणि पुन्हा फुटतात. चौशिंगा हा कुरंगकुळातला, त्यामुळे त्याची चार शिंगं जन्मभर टिकतात. रेनडिअरचे मोठे नर नाताळाआधीच शिंगं टाकतात, म्हणजे सांताच्या गाडीला बहुधा माद्याच!

रानातले पहारेकरी
ताडोबात सांबराचा खणखणीत ‘पोंक’ आला की गाइड जिप्सी थांबवतो, कारण सांबर उगाच ओरडत नाही. चितळ मात्र वानरांच्या झाडाखाली रमतं. वरून पाला पडतो, वर बसलेल्यांना वाघ लांबून दिसतो. पोटाची सोय आणि जिवाची राखण एकाच झाडाखाली.

आजीचं सांबरशिंग
छाती भरली की सहाणेवर शिंग उगाळून कोमट लेप लावायचा, हा जुना घरगुती उपाय. आता तसं शिंग घरात ठेवणं १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात अडकवतं. रानात गळून पडलेलं शिंग दिसलं तरी उचलू नका. साळिंदर आणि उंदीर ते कुरतडतात, त्यातला चुना त्यांच्या हाडादातांना लागतो. फोटो काढा, शिंग रानाला राहू द्या.