आंब्रवाझ पारे : शल्यविशारद आणि ग्रंथकार
ज्ञानभाषेचा विचार करताना सोळाव्या शतकातील फ्रेंच शल्यविशारद आंब्रवाझ पारे यांचे उदाहरण ध्यानात घ्या. न्हावी-शल्यक म्हणून शिकलेल्या पारे यांना लॅटिन येत नव्हते.

बंदुकीची दारू विषारी असते, या समजुतीने तिच्या जखमा उकळत्या तेलाने डागत असत. तुरिनच्या मोहिमेत तेल संपले, तेव्हा पारे यांनी अंड्याचा बलक, गुलाबतेल व टर्पेंटाइन यांचा लेप लावला. सकाळी लेप लावलेल्या सैनिकांच्या वेदना कमी होत्या; डागलेले ज्वराने फणफणले होते. हा अनुभव त्यांनी १५४५ मध्ये फ्रेंचमध्ये ग्रंथबद्ध केला. त्यामुळे लॅटिन न जाणणाऱ्या शल्यकांनाही तो वाचता आला.

स्वयं-अध्ययन : स्वभाषेतील लेखनामुळे ज्ञानाचा अधिकार कोणाकडून कोणाकडे गेला, ते पाच ओळींत लिहा.